दादाचा फोटो
घराण्याचा कुलवृत्तांत उद्या छपाईला जाणार होता आणि नवसाबाईच्या दादाच्या नावाशेजारची चौकट अजून रिकामीच होती. दादा बासष्टच्या युद्धात कामी आला. त्याचा एकमेव फोटो गोदावरीच्या पुरात गेला. त्याला पाहिलेली आता ती एकटीच उरली होती. साड्यांच्या जाहिरातींचे फोटो काढणाऱ्या भाचीने आपल्याच मुलाला लष्करी गणवेश चढवला, कृष्णधवल फोटो काढला आणि तिच्यापुढे ठेवला. “आत्या, असेच दिसायचे ना काका? पोरगं तासभर मिशी चिकटवून बसलं होतं!” “नाक असं नव्हतं गं. दादाचं नाक...” नवसाबाई अडखळली. “कसं होतं? सांग, कॉम्प्युटरवर बदलते.” साठ वर्षं रोज दिसणारा दादा आठवायला तिने डोळे मिटले. समोर भाचीचा मुलगाच उभा राहिला. तिने डोळे घट्ट आवळले, तरी तोच. “फोटो झाक गं आधी!” मिटल्या डोळ्यांनीच ती ओरडली.