दुखत नाही ती जागा

"खाई त्याला खवखवे," काका डॉक्टरीणबाईंच्या देखतच म्हणाले. "विचारा हिला. बेकरी हिची, भट्टी हिची, साखरेची पोती हिची. आणि म्हणे चाखलंसुद्धा नाही."

नाही म्हणून सांगून सांगून काकूंची जीभ आता झिजली होती. इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासून त्यांनी क्रीमचं बोटही चाटलं नव्हतं. केक भाजला की नाही ते वासावरून ओळखायच्या. गोडी बघायला समोरच्या शिवणकामवालीला हाक मारायच्या. तरी दर तपासणीला साखर चढलेलीच. आधीचे डॉक्टर रिपोर्टकडे बघायचे, मग काकूंकडे बघायचे आणि डोस वाढवायचे. शेवटी लेकानं फोनवरूनच निकाल दिला: बेकरी बंद. काकांनी कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. ती अजून तिथंच होती. चालताना वाजायची.

"भट्टी तर थंड पडलीय," काकू म्हणाल्या. "मग आजची साखर कुठून आली? स्वप्नात खाल्ली?"

"घरात दडवली असशील कुठंतरी."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देताय. मी बेकरी सोडणार नाही. तुम्ही सांगा, लेक सांगू दे, नाहीतर हा रिपोर्ट सांगू दे."

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला. "काकू, जरा आडव्या व्हा. पोट बघू."

पोट आजवर कुठल्या डॉक्टरनं बघितलंच नव्हतं. बोटं फिरत फिरत बेंबीच्या डावीकडे आली आणि थांबली. तिथं अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा होता, रबरासारखा, वरची कातडी चकचकीत. काकूंना वाटायचं, वयानं सुटलेलं पोट, ते कुठं सरळ असायचं.

"इंजेक्शन कोण देतं?"

"मी," काका म्हणाले. आवाजात अभिमान होता. हयातभर घड्याळं दुरुस्त केलेला हात तो. "रोज सकाळी मीच देतो. पहिल्यांदा दिलं तेव्हा ही कळवळली होती. मला दोन घास गेले नाहीत त्या दिवशी. मग ही जागा सापडली. इथं हिला मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखत नाही. तेव्हापासून इथंच. केसभर इकडंतिकडं नाही."

डॉक्टरीणबाईंनी काकूंचा पदर नीट केला.

"काका, रोज एकाच ठिकाणी टोचलं की कातडीखाली अशी गाठ धरते. तिथं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो. पण तिथलं औषध रक्तात नीट उतरत नाही. काकूंनी काही खाल्लेलं नाही. त्यांचं औषधच त्यांना मिळत नव्हतं."

मग त्यांनी डोस कमी केला. नव्या जागी औषध पुरतं लागू पडेल, जुन्या डोसानं साखर एकदम खाली येईल, म्हणाल्या. जागा रोज बदलायची, त्या गाठीला हात लावायचा नाही आणि घेरी आलीच तर तोंडात टाकायला साखरेची पुडी सतत जवळ ठेवायची.

घरी येईपर्यंत काकांनी उजवा हात डाव्या हातात धरला होता, बंद पडलेलं घड्याळ धरावं तसा. काकूंच्या तोंडाशी किती दिवसांची उत्तरं आली होती. त्या हाताकडे बघून त्यांनी ती गिळून टाकली. गोड नव्हतीच, पथ्यात बसत होती.

सकाळी काका सुई घेऊन उभे राहिले. सवयीनं हात डावीकडे गेला. काकूंनी मनगट धरून तो उजवीकडे नेला.

"इथं दुखेल गं."

"दुखू दे."

दुखलं. काकूंनी डोळे मिटले नाहीत. काकांनी मिटले.

मग त्यांनी खिशात हात घातला, कागदाची बारकी पुडी काढली आणि काकूंच्या पुढ्यात धरली. "साखर आहे. जवळ ठेव."

काकूंनी पुडीकडे पाहिलंही नाही. तळहात मात्र पुढे केला.

"साखर दुकानात पोत्यांनी पडलीय. किल्ली द्या."