घरचा माणूस धरून
कोडीच्या पत्राला हर्शेलनं उत्तर दिलंच नव्हतं. "ईस्टरला तुरुंगातून सुटतोय. बाबा, घरी येऊ का?" एवढंच पोरानं विचारलं होतं. मागच्या वेळी घरात शिरून नशेच्या पैशांसाठी त्यानं आईच्या, म्हणजे विल्माच्या, बोटातली अंगठी ओढून काढली होती आणि त्यात तिचं बोट मोडलं होतं. त्यानंतरच हर्शेलनं पिस्तूल घेतलं. आज ओळखीतली विमा एजंट रोंडा स्वयंपाकघरात बसून त्याला पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठीचा कोर्टकचेरीच्या खर्चाचा विमा समजावत होती. "जीव वाचवायला गोळी झाडली तरी कोर्टात ओढतातच, हर्शेलकाका. वकील आम्ही देतो. स्वस्तातला घ्या, त्यात चोर-दरोडेखोर सगळे येतात." "आणि महागातला?" "त्यात घरचा माणूसही धरलाय. म्हणजे समोर घरचंच कुणी असलं, तरी वकील मिळतो. पण तो कोण घेतंय!" हर्शेलनं महागातल्यावर खूण केली. "घरात आपण दोघंच तर आहोत," विल्मा हसून म्हणाली. "मला उडवायचा बेत आहे की काय?" हर्शेलनं नुसतं कोडीच्या पत्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. तिचा हात आपसूक वाकड्या बोटाकडे गेला. "मग येऊ नको म्हणून कळव त्याला," ती पुटपुटली. "घर आहे त्याचं," हर्शेल म्हणाला. रोंडा गेल्यावर त्यानं लिहिलं, "ये. पण पूर्वीसारखा मागच्या खिडकीतून शिरू नकोस. पुढच्या दारात उभा राहा आणि मोठ्यानं हाक मार." मग ते पत्र आणि विम्याचा अर्ज, दोन्ही पाकिटं त्यानं फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेवली आणि टपाल न्यायचं आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा उभा केला. दुपारी पोस्टमन ती एकत्रच घेऊन गेला.