नटावरची रेघ
हुइया गाडी चालवत होती, पण जीव आरशात अडकला होता. मागे ट्रेलरवर मोटरबोट हिंदकळत होती. अर्धांगवायूतून उठलेल्या बाबांनी सकाळी ट्रेलरच्या चाकांचे नट स्वतःच आवळले होते. तिला पान्याला हातही लावू दिला नव्हता. "सारखं मागे काय बघतेस? तौपो तलाव पुढे आहे," बाबा म्हणाले. पेट्रोल पंपावर ते काठी टेकत कॉफी आणायला गेले, तशी ती चाकाशी वाकली. नट आवळला की बाबा त्यावरून चाकापर्यंत आईच्या नेलपॉलिशची सरळ रेघ ओढत. उजव्या चाकाचे तीन नट फिरून रेघा तुटल्या होत्या. तिने अंगाचा भार टाकून ते आवळले, पाना लपवला. परत येऊन बाबांनी तिला कॉफीबरोबर कागदी रुमाल दिला. "आधी हात पूस. डावं चाक बघायचं राहिलं असेल, तर साखर आणायला मी पुन्हा जातो."