काका

"तू कोण रे भडव्या?" स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला. "माझ्या बायकोच्या फोनवर तू कोण? थांब, येतोच तिकडे. जीभ उपटून हातात देतो."

धाकट्यानं लाल बटण दाबलं आणि हसला. "येतो म्हणे. पत्ता कुठाय त्याला?"

"मी सांगत होते, पुरुषाचा आवाज नको," थोरली म्हणाली. "तुला काय कळायचं? त्याच्या घरात मी राहिलेय."

एकच गाळा, मधे प्लायवूड. पुढे मास्तरांचं शिवणकाम, मागे धाकट्याची मोबाईल दुरुस्ती आणि त्याच्याही मागे, स्टुलावर, नवऱ्याला सोडून आलेली थोरली बहीण. फोन बंद करून टाकणं तिला परवडणारं नव्हतं. पोरगी तिकडेच अडकली होती आणि शेजारणीचा, शाळेतल्या शिपायाचा, ज्याचा मिळेल त्याचा फोन मागून आईशी बोलायची. नवराही असाच नवनव्या नंबरांवरून करायचा. एकदा पोरगी समजून थोरलीनं उचलला. जे ऐकलं त्यानंतर तिनं फोन उचलायचंच सोडलं.

मग धाकट्यानं डोकं लढवलं. तिचं सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं आणि त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम बसवला. कुणाचाही फोन आला की तो आपोआप उचलला जायचा, समोरच्याला नाव-काम विचारलं जायचं आणि ते विचारणं, त्याचं उत्तर, दोन्ही इकडे स्पीकरवर ऐकू यायचं. पोरगी असली तर हिरवं बटण, म्हणजे बोलणं सुरू. नवरा असला तर लाल. विचारायला आधी बाईचा यांत्रिक आवाज होता. नवरा त्यालाही तोंडाला येईल ते बोलायचा. धाकट्याला दरारा हवा होता आणि त्याचा स्वतःचा आवाज तर मेहुण्याच्या ओळखीचा. म्हणून मास्तरांना पकडून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. मास्तरांचा आवाज असा की मापं सांगायला लागले तरी गिऱ्हाईक सरळ उभं राहावं. "बाई कामात आहेत. आपलं नाव आणि काम सांगा." पोरगी त्यांना खरंच तिथे बसलेला माणूस समजायची. "काका, मी आहे, आईला द्या," म्हणायची. मास्तर त्यावर बेहद्द खूश होते.

लाल बटण दाबून फार वेळ झाला नसेल. मास्तर मान खाली घालून कापड कापत होते. शेजारी इस्त्री तापत होती. कुणीतरी पायरी चढून आलं.

"मोबाईलवाला आत आहे का?"

"आपलं नाव? काय काम होतं?" मास्तर म्हणाले. वर बघितलंही नाही.

तो माणूस जागच्या जागी थांबला. "परत बोल."

"काय?"

"आत्ता बोललास ते. परत बोल."

आपला आवाज कुणी परत ऐकायला मागतंय म्हटल्यावर मास्तरांनी कात्री खाली ठेवली, घसा साफ केला आणि फोनमध्ये म्हटलं होतं अगदी तसंच म्हणाले, "आपलं नाव आणि काम सांगा."

त्यानं तीच कात्री उचलली आणि मास्तरांच्या गळ्याखाली खुपसली. मास्तरांना ओरडताही आलं नाही. ते कापलेल्या कापडासकट खाली आले, तर हा त्यांच्या छातीवर बसून मारतच सुटला. धाकटा प्लायवूडमागून धावला, त्याच्या दंडाला लोंबकळला आणि एका झटक्यात भिंतीवर आपटला.

तेवढ्यात मागून मास्तर बोलले, "बाई कामात आहेत. आपलं नाव आणि काम सांगा."

छातीवर बसलेला माणूस दचकला. खाली बघितलं. मास्तरांचे ओठ हलत नव्हते. तो उठला आणि आवाजाच्या रोखानं प्लायवूडच्या आत शिरला. आत स्टूल होतं, थोरली होती आणि टेबलावर तो फोन.

"काका, मी आहे," फोन म्हणाला. "आईला लवकर सांगा. बाबांना मामाचं दुकान सापडलंय. ते तिकडेच निघालेत. काका, ऐकताय ना?"

नवरा ऐकत होता. थोरली त्याच्याकडे बघत होती. आता आपल्यावर येणार म्हणून तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, जुन्या सवयीनं. पण तो आला नाही.

"असं होय," तो म्हणाला. "घरातच फितूर पोसलाय मी. तू बस इथेच, तू कुठे जातेस? आधी तिला बघतो."

आणि तो वळला.

थोरलीचे हात खाली आले. इतकी वर्षं तिनं मार खाल्ला, उलटून कधी बोटसुद्धा उचललं नव्हतं. ती त्याच्या मागोमाग बाहेर आली, टेबलावरची इस्त्री वायरीसकट ओढली आणि पायरी उतरायच्या आत त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला घातली. तो गुडघ्यावर आला. तिनं परत घातली. चामडी जळल्याचा वास सुटला. धाकटा भिंतीशी बसून "ताई, बास, ताई, बास," म्हणत होता आणि ती बास करत नव्हती. त्याचे पाय हलायचे थांबले, तरी तिनं आणखी एकदा मारलं, मगच इस्त्री खाली ठेवली. नीट, उभी.

आत पोरगी अजून काकांना हाका मारत होती. थोरलीनं पदराला हात पुसले आणि हिरवं बटण दाबलं.

"बोल, बाळा."

"आई? किती वेळ झाला कुणी बोलतच नव्हतं. बाबा आले का तिकडे?"

"आले."

 पोरगी हळूच म्हणाली, "मग ते परत यायच्या आत मी दाराला आतून कडी लावून घेऊ?"

"नको," थोरली म्हणाली. "दार उघडंच राहू दे."