अंगणातली सावली

शर्वाणीनं आईला लेकीचा, रेवाचा फोटो पाठवला आणि मग तिचं लक्ष अंगणात पडलेल्या सावलीकडे गेलं. सावलीवरून सूर्याचा कोन काढून फोटो कुठल्या गावातला, हे आता कुठलाही फोन सांगत असे. मारकुट्या नवऱ्यापासून लपलेल्या शर्वाणीनं सात महिने उन्हात एकही फोटो काढला नव्हता.

तिनं घाईघाईनं फोटो पुसला, तोच आईचा फोन आला.

"जावई सकाळपासून इथेच ठाण मांडून होते गं," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "माझा फोन हिसकावून तो फोटो बघितला नि फोन फेकून दिला. आत्ताच गाडी काढून निघालेत."

शर्वाणीनं पिशवीत कपडे कोंबले आणि रेवाला चपला घातल्या.

"आई, कुठे जायचं?" रेवानं विचारलं.

"जिथे आभाळ भरलेलं असेल तिथे," शर्वाणी म्हणाली आणि दाराला कुलूपही न लावता निघाली.