भरलेली बाकं

"चपला घालूनच आत बसा. बाहेर काढल्यात तर लगेच ओळखतील," एस्तरबाई दबक्या आवाजात शेजाऱ्यांना सांगत होत्या.

त्यांच्या पणजोबांनी डोक्यावरून दगड वाहून हे चर्च उभं केलं होतं. पुढे चर्चच्या मंडळीतली घरं एकेक करून पुण्याला गेली. उरलेली माणसं मागच्या दफनभूमीत निजली होती. राहिल्या एकट्या एस्तरबाई. आज शहरातून नवे पाळक पाहणीला आले होते. बाकं रिकामी दिसली की चर्चला कायमचं कुलूप लागणार होतं, म्हणून आज बाकांवर शेजारी बसले होते.

गीत सुरू झालं. हौसाक्का गायली, यासीनभाई गायले. रोज भिंतीपलीकडून बाईंचं गाणं ऐकून सगळ्यांना पाठच होतं. पाळकांचा चेहरा खुलला.

"मंडळी जिवंत आहे की, बाई. आलोच आहे तर प्रभुभोजनही देतो."

प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसांनीच खायची. भाकरीच्या तुकड्यांची ताटली आली. त्यांनी आपला तुकडा उचलला आणि ताटली शेजारी हौसाक्काकडे दिली. मागची सगळी बाकं त्यांच्याकडेच बघत होती.

"घेऊ काय गं?" हौसाक्का कुजबुजली. "तुझं चर्च वाचंल."

एस्तरबाईंनी मान हलवली. "एवढं नको, अक्का."

ताटली हातोहात शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि तशीच भरलेली परत आली. पाळकांनी ताटलीतले तुकडे पाहिले, मग भरलेल्या बाकांकडे पाहिलं.

"एकट्याच का, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.