एका डोळ्याची देवी

देवीचा उजवा डोळा उघडला आणि पुतळीच्या ओटीपोटात बारीक कळ आली.

तिने कुंचला वर उचलला. जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून उतरलं होतं आणि त्यात पांढरी धूळ सावकाश तरंगत होती. देवी एका डोळ्याने तिच्याकडे बघत होती. दुसऱ्या डोळ्याच्या जागी अजून नुसता गोरा, गुळगुळीत रंग होता. कळेचा भास असेल, पुतळीला वाटलं. महिनाभर असे भास रोजचेच झाले होते.

नावच पुतळी, मग मूर्ती रंगवण्यावाचून ही करणार काय, असं गावात थट्टेने म्हणत. पण डोळ्यांच्या आखणीला तिच्यासारखा हात पार पेणपर्यंत नव्हता. बाकीच्या बाया अंग रंगवत, दागिने भरत. डोळे मात्र पुतळीचेच. कारखान्यात दोन गोष्टी कुणी मोडत नसे. अडचणीच्या चार दिवसांत बाईने उंबरा ओलांडायचा नाही. आणि ज्या हाताने एक डोळा उघडला, त्याच हाताने, त्याच बैठकीत दुसरा उघडायचा. मध्ये हात बदलला तर नजर फाटते, आणि फाटक्या नजरेचा देव कुणी दारात घेत नाही.

म्हणून मालकीण बायजाबाईने पावसाळ्याच्या तोंडावर स्वतःच पाळी लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं होतं. “घे गो. गणपती गेलं की सोड. एवढीशी गोळी, ती काय खाते तुला?”

आषाढात पाळी दहा दिवस पुढे गेली, आणि मग आली ती नऊ दिवस थांबेना. श्रावणात पुन्हा गोळ्या घेतल्या, तेव्हा नुसते डाग. भाद्रपदाच्या आधी तिसरं पाकीट. शेकडो गणपती तिच्या हातून डोळे उघडून टेम्पोत बसले आणि निघून गेले. मग तिने गोळ्या सोडल्या. चार दिवसांत येईल, असं सगळ्या म्हणाल्या. आली नाही. गणपती पाण्यात गेले, पितर जेवून गेले, तरी नाही.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते. “तीनदा लागोपाठ ढकललीत ना? आता थोडं थांबा, येईल. पण न विचारता पुन्हा गोळी घ्यायची नाही.” नवरा जनू रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, “येल गो. जाते कुठं?”

हाच तर प्रश्न होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा अजून हलायचा होता. ज्या पाळीला ती जन्मभर कटकट म्हणत आली, तिच्याच वाटेकडे आता डोळे लावून बसली होती. आपण काहीतरी कायमचं मोडून ठेवलं, ही भीती तिला जेवू देत नव्हती.

रोज तेच स्वप्न पडे. खाडी ओहोटीला गेली आहे आणि परत येतच नाही. चिखलात होड्या कलंडल्या आहेत. काठावर ओळीने मूर्ती बसल्या आहेत, डोळ्यांवाचूनच्या, आणि पुतळी एकेकीला विचारते आहे, पाणी दिसतंय का गो? जाग आली तरी तो चिखल तिच्याबरोबर चाले. चहा गाळताना, बस धरताना, रंग कालवताना.

पुन्हा कळ आली. या वेळी ओळखीची, कमरेतून खाली उतरणारी. मागोमाग ऊब. पुतळी बसल्या जागी हसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. आली! भरतीचं पाणी होड्यांखाली शिरावं तसं तिचं सगळं अंग हलकं झालं.

मग तिला समोरचा एकच डोळा दिसला. उद्या घटस्थापना. देवीला न्यायला गडब गावच्या मंडळाचा टेम्पो दारात उभा होता, बेंजोवाले वाद्यं जुळवत होते. दुसरा डोळा म्हणजे पाच मिनिटांचं काम, कुणाला कळलंही नसतं. पण जिचे डोळे रेखायचे तिच्याशीच लबाडी कशी करायची? तिने हाक मारली.

“बायजाकाकू.”

बायजाबाई आली. पुतळीचा चेहरा पाहूनच तिला उमगलं. “आताच यायची व्हती? ऊठ, बाहेर हो आधी. रामवाडीच्या गुणाजीला बोलावते. दुसरा डोळा तो आखंल.”

“नजर फाटंल, काकू.”

“फाटू दे. विटाळापरीस बरी.”

पुतळी उठली नाही. “काकू, मी हिलाच नवस केला व्हता. हिला रंगाचा पयला हात लागला तवा. पाळी येऊ दे म्हनून. आता हिनं दिली, आन् घेऊन हिच्याच समोरून पळू?”

असला नवस बायजाबाईने साठ वर्षांत ऐकला नव्हता. तिची नजर फळीकडे गेली. रंगाच्या डब्यांमागे चौथं पाकीट तयार होतं, तिनेच आणून ठेवलेलं. ते पाकीट, पुतळीचं पांढरं पडलेलं तोंड आणि देवीचा तो एक डोळा, सगळ्यांकडे ती आळीपाळीने बघत राहिली. बाहेर बेंजो सुरू झाला.

तिने दार लोटून घेतलं. पाकीट उचललं आणि कुंचले धुवायच्या बादलीत टाकलं. मग पुतळीशेजारी बसली आणि रंगाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

“आख,” ती म्हणाली. “डोळा उघडल्या उघडल्या पयलं काम तिनं तुझं केलं. आता दुसरा मी कुना दुसऱ्याला उघडू देऊ व्हय?”